मधला आकडा

"आजी, मोकळी जागा तुम्ही सोडायची नाही. पाच आकडे झाले की ॲप स्वतः सोडतं," नंदीशने सकाळपासून कितव्यांदा तरी सांगितलं.

"ते कळलं की साहेब," पलीकडून थरथरता आवाज आला. "पण मधला आकडा चुकला. तो खोडला की कर्सर पळतोय शेवटाला. नवा आकडा भलतीकडंच बसतोय."

"मग सगळा नंबर खोडा. पहिल्यापासून टाका."

"एका आकड्यासाठी सगळा?"

नंदीशने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. ट्रॅक्टर भाड्याने ठरवायचं हे ॲप त्याने सोलापुरात घरी बसून एकट्याने केलं होतं. मोबाइल नंबरच्या चौकटीला साचा बसवला होता: पाच आकडे, मोकळी जागा, पाच आकडे. यात न कळण्यासारखं काय होतं? मदतीसाठी त्याचाच नंबर दिलेला. लग्नाच्या बायोडाटावरही तोच. ट्रॅक्टर कुठं पाठवायचा विचारलं, की आजी विषय बदलायची.

"तोंड सांभाळ रे," आई म्हणाली. "निदान उद्या तरी."

उद्या मैंदर्गीला मुलगी बघायला जायचं होतं. आधीची दोन स्थळं 'मुलगा फटकळ आहे' एवढ्यावरून मोडली होती. त्यांचं त्याला काही वाटलं नव्हतं. या मुलीचा फोटो मात्र तो रोज उघडून बघत होता.

"उद्या सांभाळतो की!"

फोन पुन्हा वाजला.

"साहेब, रागावू नका. तुमी एकदा स्वतः करून बघा की."

"आजी, ॲप बरोबर आहे. चूक तुमच्या बोटाची आहे. ठेवा आता!"

मग त्याने करून बघितलं. मधला आकडा खोडला. कर्सर टुणकन शेवटाला गेला.

आजीला फोन लावावा का? नको. परत सुरू होईल.

मैंदर्गीत दुसऱ्या दिवशी नंदीश इतका गोड बोलत होता, की आईच त्याच्याकडे टकमक बघत राहिली. पोहे झाले. दानेश्वरीने अजून मान वर केली नव्हती.

"मुलीला काही विचारायचंय?" तिचे वडील गुरप्पा म्हणाले.

"नाही, नाही. मला पसंत आहे."

गुरप्पा हसले. "तुला काय विचारायचंय का गं?"

दानेश्वरीने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "व्हय की. साहेब, चूक अजून माझ्या बोटाचीच हाय का?"