राजकन्येचे नाव

“नकुसा,” आबारावांनी तिसऱ्यांदा हाक मारली. ओसरीच्या कडेला बसलेली सहा वर्षांची मुलगी हलली नाही. तिच्या डोक्यावर ज्वारीच्या ताटाच्या सालींचा मुकुट होता. मुकुट असताना त्या नावाला ओ द्यायची नाही, असे तिने सकाळीच ठरवले होते.

खानेसुमारीचे मुन्शीजी जाफराबादहून आले होते. टेंभुर्णीतल्या निम्म्या घरांतली माणसे अजून मोजायची होती. आबारावांचे नाव लिहून झाले होते, त्यांच्या कारभारणीचेही.

“दुर्गाबाई,” आबारावांनी सांगितले होते. “नाव मीच ठिवलं, लग्नात. माहेरचं काय व्हतं, ध्यानात न्हाई.”

दाराआड जात्याची घरघर क्षणभर थांबली होती, एवढेच.

“अन् हा कचरू,” असे म्हणताना मात्र आबारावांचा आवाज मऊ झाला होता. “ह्याच्या आधी दोन पोरं गेल्ती. मंग ह्याला उकिरड्यावर ठिवला अन् सुपात उचलून आणला. मरणाला वाटावं, कचराच हाय, कशाला न्यायचा.”

“आणि ही?” मुन्शीजींनी आता विचारले.

“थोरल्या दोघी सासरी गेल्या. ही तिसरी. आता पोरगी बस म्हणून नकुसा.”

“राजकुवर,” मुलगी म्हणाली.

कचरू हसला. तो दहा वर्षांचा होता. एकाच ताटातून त्याने गाडी केली होती, बहिणीने मुकुट. गाडी शेतात जाते, हे त्याला ठाऊक होते. मुकुट कुठे जातो, असे तो तिला रोज विचारी.

“राजकन्या शेण भरती व्हय गं?”

“माझ्या राज्यात भरती.”

मुन्शीजींनाही हसू आले. त्यांनी टाक दौतीत बुडवला. “आबाराव, जल्दी सांगा. काय लिहू?”

“नकुसाच लिवा. सरकारी कागद हाय, पोरखेळ न्हाई.”

मुलगी उठली. चालत आली आणि तिने कागदावर तळहात ठेवला. वरच्या ओळीतली ओली शाई तिच्या बोटांना लागली.

“दादाचं नाव वाईट, त्यो ऱ्हावा म्हणून,” ती म्हणाली. “माझं कामून वाईट?”

आबारावांनी तिचे मनगट धरले. हात निघेना. त्यांनी जोर केला तसा मुकुट घसरून तिच्या डोळ्यावर आला. तिने तो दुसऱ्या हाताने सरळ केला, पण कागद सोडला नाही.

कचरूने गाडी खाली ठेवली. आपल्या नावाची गोष्ट त्याने शंभरदा ऐकली होती आणि सवंगड्यांना फुशारकीने सांगितली होती. बहिणीच्या नावाची गोष्ट घरात कुणी कधी सांगितली नव्हती. का सांगितली नव्हती, ते त्याला आज कळले.

“सांग की, बा,” तो म्हणाला.

आबारावांची पकड सैल झाली.

आत जाते थांबले. दार उघडले. परक्या पुरुषापुढे कधीही न आलेल्या दुर्गाबाई डोईवरचा पदर सावरत उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे झाले होते. राजकन्येच्या साऱ्या गोष्टी मुलीने त्याच हातांजवळ बसून ऐकल्या होत्या.

“राजकुवर लिवा, मुन्शीजी,” त्या म्हणाल्या. “माझं माहेरचं नाव ह्यांच्या ध्यानात न्हाई. माझ्या हाय. नकुसा.”