मोठ्या साहेबांचा पोपट

“आता जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही,” किल्लीकाकांनी आधीच बजावलं आणि चष्मा पुसायला घेतला. थाप मारण्याआधी चष्मा पुसायची त्यांची जुनी खोड होती.

बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. कंपनी बागांसाठी घसरगुंड्या बनवायची. कुठली घसरगुंडी कुठवर आली, याच्या नोंदी एका वेबसाइटवर व्हायच्या. तिथे कुणी नोंद बदलायची आणि कुणी नुसतं बघायचं, हे काका ठरवायचे. म्हणून ते किल्लीकाका. गुरुवारी सकाळी ते याद्या साफ करायला बसले आणि अख्ख्या कंपनीला ‘फक्त बघणारे’ या गटात टाकून मोकळे झाले. स्वतःसकट. दुपारी दीडपर्यंत सगळे आपापल्या घसरगुंडीकडे पडद्यावर टकामका बघत होते. मग एकाएकी सगळं सुरळीत झालं. कसं झालं, एवढंच कंपनीच्या मॅडमना हवं होतं.

प्रश्न साधा, पण उत्तर अवघड होतं. गट बदलण्याचा अधिकार असलेलं दुसरं खातं एकच उरलं होतं, निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांचं. त्याचा पासवर्ड सतरा अक्षरी. तो काकांना पाठ असणं शक्यच नव्हतं, कारण त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख पाठ नव्हती. आणि तो कुठे लिहून ठेवला असेल, तर नियम काकांचाच होता. लिहिलेला पासवर्ड सापडला की महिनाभर ‘फक्त बघणारे’. दोनच आठवड्यांपूर्वी कॅलेंडरमागे खरडलेल्या चार अक्षरांपायी त्यांनी रंगखात्याच्या ताईंना त्या गटात बसवलं होतं. वर अर्धा तास भाषण ठोकलं होतं. त्या ताई आज बरोबर समोरच्या खुर्चीत, वही उघडून बसल्या होत्या.

काकांनी चष्मा चढवला. मोठ्या साहेबांना म्हणे अक्षरं मोठ्याने म्हणत टाइप करायची सवय होती. घरून काम करायचे तेव्हा खांद्यावर पोपट असायचा. रोज तेच ऐकून पोपटाला पासवर्ड तोंडपाठ झाला. साहेब कधीच विसरले, पोपट विसरला नाही. म्हणून काका गुरुवारी धावतपळत साहेबांच्या घरी गेले. साहेब घोरत होते, पण पोपट जागा होता आणि भाव खात होता. एका अक्षराला एक शेंगदाणा, त्याखाली बोलणी नाहीत.

पासवर्डात एक तरी कॅपिटल अक्षर लागतं, हा नियमही काकांचाच, याची ताईंनी आठवण करून दिली. मग पोपटाने कॅपिटल कसं सांगितलं?

“ओरडून,” काका म्हणाले.

दोघातिघांनी माना डोलावल्या. चांदणीच्या चिन्हाला पोपटाने शीळ घातली होती. आकड्यांना चोच आपटली होती. मॅडमनी हातातला कागद पाहिला. दोनदा चुकीचा पासवर्ड, तिसऱ्यांदा बरोबर, अशी नोंद होती. काका क्षणभरही अडखळले नाहीत. शेवटचा आकडा पाच की सहा यात पोपट स्वतःच गोंधळला होता. वय झालं त्याचं. आणि त्या दुपारी काकांच्या शर्टावर चिखल कसा होता? पोपट पंधराव्या दाण्याला पिंजऱ्यातून निसटला. उरलेली दोन अक्षरं काकांनी बागेतल्या वाफ्यात पालथं पडून मिळवली.

ताई सहजासहजी हार मानणाऱ्या नव्हत्या. गुरुवारी सव्वा वाजता काकांना त्यांच्या टेबलाशी झाडाला पाणी घालताना ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

काका दुखावल्यासारखे हसले. तेव्हा ते नुकतेच परतले होते. कंपनी बंद पडो की जग बुडो, झाडाची वेळ चुकवून कसं चालेल? आठ वर्षांत त्या झाडाचं एक पान पिवळं पडलं नव्हतं. दिवसातून तीनदा पाणी, तेही स्वतःच्या हातांनी. कुंडीला दुसऱ्या कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इथे मॅडम विरघळल्या. जो माणूस एका मुक्या झाडाची एवढी निगा राखतो, त्याच्या हातात किल्ल्या सुरक्षित आहेत, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी घातली. ताईंनी वही मिटली. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्याचं काम झालं होतं.

दाराशी सफाईवाल्या मावशी रिकामे कप गोळा करता करता मघापासून ऐकत उभ्या होत्या. काकांवर त्यांचा फार जीव. त्यांनी ट्रे टेबलावर टेकवला आणि मायेनं रागावल्या.

“काका, त्या प्लॅस्टिकच्या झाडाला किती पाणी घालाल हो? कुंडीखालची तुमची चिठ्ठी भिजून पार पुसत आली होती. आज मी सतराच्या सतरा अक्षरं मार्करने गिरवून ठेवलीत. ते ओरडायचं अक्षरसुद्धा.”