बिनलसणाचा वाटा

पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती आणि अभिमन मास्तर व माणकचंद एकमेकांकडे पाठ करून बसले होते. पंधरा दिवसांचा अबोला होता. दोघांनाही शेतावर भरिताला बोलावलं होतं अभिमनच्या आईनं, भिकुबाईनं, आणि तेही एकाची दुसऱ्याला खबर लागू न देता.

भांडण होतं दोन हजार सालावरून. त्या साली समाज कसा असेल, यावर धुळ्याच्या वाचनालयानं निबंध मागवले होते आणि दोघांनीही लिहिले होते. शिंदखेड्याचा एकच घेऊ, कोणाचा ते तुम्हीच ठरवा, असं कळवल्यावर लहानपणापासूनची दोस्ती मोडायला आली. साल उजाडायला अजून बासष्ट वर्षं होती, पण यांना धीर कुठला.

भिकुबाईनं निबंध ऐकवायला लावले. अभिमनच्या राज्यात चौकाचौकात पहारा. तोंड उघडायचं तर आधी परवाना काढायचा. माणकचंदच्या राज्यात परवाना-बिरवाना नव्हता. रोज सकाळी घरोघर सरकारी सरबत यायचं, ते प्यायलं की दिवसभर सगळं गोडच वाटायचं. कोणतं राज्य जास्त वाईट, म्हणजे कोणाचा निबंध धाडायचा, हे तिनंच सांगावं असा दोघांचा हट्ट.

ती भरीत ठेचत होती. तिनं पोराला विचारलं, "तुना राज्यमा लोके भांडतस का?"

"नही माय. बठ्ठा घाबरतस." सगळेच घाबरलेले, भांडणार कोण.

"आनि माणकचंद, तुना?"

"कोनीच नही, अक्का. बठ्ठा खुश ऱ्हातस."

भिकुबाईनं एक वाडगा माणकचंदपुढे सरकवला. त्याचं घर वैष्णव, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. म्हणून लसूण घालण्याआधी ती दरवर्षी त्याचं भरीत बाजूला काढून ठेवी. अबोल्याच्या वर्षीही विसरली नव्हती.

"मंग तठे हाऊ येगळा वाटा कोन काढस?"

दोघांनी वाडग्याकडे पाहिलं; सगळेच एकसारखे असलेल्या त्या राज्यांत असा वाडगा कुठेच नव्हता. माणकचंदला भरून आलं, आणि ते लपवायला त्याला धूर बरा सापडला.

अभिमननं भाकरीचा तुकडा मोडला, सरळ मित्राच्या वाडग्यात घातला, खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "लसूण नही तं हाई भरीतच नही."

माणकचंद उसळला. मास्तरच्या जिभेपासून सुरुवात करून तो त्याच्या अकलेपर्यंत पोचला. मग अशी जुंपली की शेजारच्या शेतातल्या बायका कापूस वेचायचं सोडून बघत राहिल्या. वाडगा मात्र दोघांच्या मध्येच होता आणि दोघांचे हात त्यातच जात होते.

"आते जित्ता मानसे वाटतस," म्हणत भिकुबाईनं तव्यावर आणखी एक भाकरी टाकली.