जोडीचा मासा

आतून नवऱ्याच्या बोलण्याचा आवाज आला आणि चंद्राबाईनं दाराला लावलेला हात मागं घेतला. पावसाळ्यात माथेरानात असतं कोण? शेठलोक मुंबईला, हॉटेलं बंद, गाडी बंद. बंगल्यात राखणीला एकटा तिचा नवरा, हिरामण. मग हा एवढा रंगात येऊन बोलतोय कुणाशी?

नको ते मनात आलंच. बायकोच्या मनात येणार नाही तर कुणाच्या? यंदा गौरी-गणपतीलाही तो घरी आला नव्हता. दर पावसाळ्यात शेजारच्या बंगल्यातला लडकू सोबतीला असायचा. तो उन्हाळ्यातच वारला, तरी हिरामण वर राहिलाच. आज पाऊस उघडला तशी ती भाकऱ्या बांधून नेरळचा डोंगर चढली होती. धन्याला घेतल्याशिवाय उतरत नाही, असं सासूला सांगून आली होती.

तिनं दार ढकललं. पावसाच्या झडीसाठी व्हरांड्याला गवताच्या तट्ट्या बांधलेल्या, त्यात लढाईपायी रॉकेल मिळेना, त्यामुळे भर दुपारी आत अंधार होता. खुर्च्या, टेबलं, कपाटं, सगळं पांढऱ्या चादरींखाली. मधोमध जमिनीवर हिरामण दाराकडे पाठ करून बसला होता. दुसरं कुणीच नव्हतं. त्याच्यापुढं मात्र दोन ताटं वाढलेली होती.

"आलीस? बस," तो म्हणाला. दचकला नाही, वळला नाही.

चंद्राबाईचा जीव भांड्यात पडला. उगाच संशय घेतला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. "मी येनार ते तुमाला कसं कळलं? ताट पन वाढून ठेवलंत!"

"रोजच वाढतो की. तू येतीस, बसतीस, न् जेवल्याबिगर जातीस."

ती हसली, पण ते हसू काही तिला धड जमलं नाही. "थट्टा पुरे. घरी चला. पोरं वाट बघतात."

"नाय जमायचं. मासा येकटा पडंल." त्यानं मान न वळवता खिडकीकडे हात केला.

खिडकीत शेठची काचेची पेटी होती. जाताना शेठ त्यात दोन सोनेरी मासे ठेवून गेला होता, ते जगले पाहिजेत अशी ताकीद देऊन. चंद्राबाईनं जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही मासे होते. एक वळला की दुसराही वळे. एक काचेशी आला की दुसराही येई. तिनं हात लावला तेव्हा कळलं, पेटीला मागून आरसा टेकवलेला होता. मासा एकच होता.

"जोडीदार मेला तसा ह्यो कोपऱ्यात तोंड घालून बसला," हिरामण सांगू लागला. "पंख मिटलेले, रंग उडालेला. दाना टाकला तर बघंना. मधीच उसळायचा न् काचेवर डोकं आपटायचा. मंग बाईसाहेबांचा आरसा लावला. आता खातो, खेळतो."

"न् आरसा काढला तर?"

"येकदम नाय काढायचा गं! काढला का पुन्हा डोकं आपटतो. आधी खरी जोड आनून त्याच्या बाजूला सोडायची. तिची सवय झाली का मंग आरसा काढायचा."

नवरा शहाणा आहे, हे तिला ठाऊक होतं. पण शहाणा माणूस इतका वेळ पाठ करून का बोलावा? ती वळली आणि त्याच्या नजरेच्या रोखानं तिनं पाहिलं.

समोरच्या भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा होता. साऱ्या घरात त्या एकावरच चादर नव्हती. हिरामण आरशात पाहत होता. आरशातल्या चंद्राबाईकडे पाहून हसत होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले, कपाळावर सुजलेलं काळंनिळं टेंगूळ.

चंद्राबाई घाबरली. पळावं असं वाटलं. मग त्या भीतीचाच राग आला. तिनं कपाटावरची चादर ओढली, आरशावर टाकायला हात उचलला, आणि तिला मासा आठवला. हात तिथंच थांबला.

चादर खाली ठेवून ती त्याच्या शेजारी, दुसऱ्या ताटावर, खांद्याला खांदा लावून बसली. आपल्या गाठोड्यातली भाकरी काढली. मोडून निम्मी स्वतः खाल्ली, निम्मी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.

हिरामणनं आरशात पाहिलं. मग मुठीकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवली, आणि त्याचे डोळे भरून आले.

"चंद्रे," तो म्हणाला, "तू कवा आलीस गं?"