पिंपातली चाचणी

बुधवारी पहाटे पाच वाजता आपामच्या किनाऱ्यावरून अराबामावशींची होडी समुद्रात जायला निघाली आणि मागे येऊन वाळूत रुतली. आदल्या दिवशी क्वामेना मिस्त्रीने तिच्या इंजिनाला नवा गिअर बसवला होता. मंगळवारी आमच्याकडे कोणी समुद्रात उतरत नाही, म्हणून त्याने इंजिन पाण्याच्या पिंपात चालवून पाहिलं होतं. पंखा फिरला, पाणी फेसाळलं, सगळे खूश झाले.

"पिंपात पुढे-मागे कसं कळणार, मावशी?" क्वामेना म्हणाला.

"आठवडाभर मासा नाही. आजही नाही मिळाला, तर माझी माणसं दुसऱ्याच्या होडीवर जातील. त्यांनाही पिंपाचंच सांगू का?"

होडी चालवणारा तांडेल एबो हसला. "मावशी, गिअरचा दांडा उलटा चालतो, एवढंच ना? पुढे जायला मागे ओढेन."

साडेदहाला होडी तारली माशांनी काठोकाठ भरून परतली. किनारा जवळ आला, तसा वीस वर्षांच्या सवयीने एबोने थांबायला दांडा मागे ओढला.

"पुढे ढकल रे, पुढे!" मावशी किनाऱ्यावरून ओरडताहेत.

इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून एबोने कानामागे हात धरलाय. टोपल्या घेऊन पाण्यापर्यंत आलेल्या बायका आता मागे सरकताहेत.