उंबऱ्याच्या अलीकडे

"तिथंच थांब रे. पुढं येऊ नको," रुखमाबाई दारातूनच म्हणाली.

संघदीप पिशवी घेऊन अंगणात थांबला. त्याचं बोट धरून चार वर्षांची मैत्रेयी उभी होती. धामणगावपर्यंत रेल्वे, मग यवतमाळ, मग घाटंजीची एसटी आणि शेवटी ऑटो. एवढी दगदग करून आलेल्या लेकाला सख्ख्या आईने दारात थोपवावं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"म्या सांगतलं होतं न तुले, या महिन्यात नको येऊ म्हनून?" तिचा आवाज बसलेला होता.

"नात पाहाची नाही काय तुले?"

तिने नातीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "साधनाले नाही न आनलं?"

"नाही. तिचे दिवस भरत आले."

"बरं केलं," ती म्हणाली. सुनेची साधी चौकशीसुद्धा नाही.

मैत्रेयी "आजी, आजी" करत धावली, तशी रुखमाबाई झटकन आत सरकली आणि तिने दार अर्धं लोटून घेतलं. पोरगी गोंधळून बापाकडे बघत राहिली.

संघदीपला कारण कळलं. कळायला काही अवघड नव्हतं. समुद्राकाठच्या एका अणुऊर्जा केंद्राजवळ तो नोकरीला होता. ओहोटीच्या वेळी मीटर घेऊन किनारा चालायचा, वाळू तपासायची, शेवाळाचे आणि माशांचे नमुने घ्यायचे, किरणोत्सर्ग वाढलेला नाही ना ते पाहायचं, हे त्याचं काम. किरणोत्सर्ग कधी वाढलेला नव्हता. पण गावात समुद्र कुणी पाहिलेला नसला, तरी तिथल्या वाळूबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मागच्या खेपेला शेजारच्या खेमसिंगने सर्वांसमोर ऐकवलं होतं, "ते अंगाले चिकटते म्हने. घरच्यायलेबी लागते." तेव्हा आई त्याला हसली होती. आता तीच त्याच्या पंगतीला जाऊन बसली होती. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

दुपारचा स्वयंपाकही तिने केला नाही. खेमसिंगची बायको मोतीबाई डबा घेऊन आली आणि तिनेच बापलेकीला ओसरीवर वाढलं. रुखमाबाई आत, पार त्या टोकाला, भिंतीला टेकून एकटी जेवली. मग तिने आपलं ताट आणि पेला वेगळ्या बादलीत धुतला आणि बाकीच्या भांड्यांपासून दूर, खिडकीत नेऊन ठेवला.

मोतीबाई निघून गेली, तेव्हा संघदीपला राहवलं नाही.

"माय, तुया आजीले विहिरीवर हात लावू देत नव्हते. लोक वरून पानी टाकत अन् ते ओंजळीनं पेत होती. तुनंच सांगतलं न मले? रडून सांगतलं होतं."

"हो."

"अन् आता तूच आपल्या घरात शिवाशिव पाळून राह्यली? आपल्याच पोरासंग?"

रुखमाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तसं नाही रे राजा."

"मंग कसं?"

खरं काय ते तिच्या ओठापर्यंत आलं, पण साधनाची वेळ जवळ आलेली, पोराच्या डोक्याला घोर नको, म्हणून परत गेलं.

"पाच वाजताची एसटी हाये," संघदीप म्हणाला. "तू आता पोरीले जवळ घेतलं तर राहू. नाही तर जातो. अन् मंग पुन्हा या दारात मी येत नाही, सांगून ठेवतो."

"जा बापू," ती म्हणाली. "आता जा."

असं उत्तर मिळेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याने पिशवी उघडली. दुसऱ्या दिवशी घाटंजीच्या शाळेत मुलांना दाखवण्यासाठी ऑफिसने एक छोटा मीटर दिला होता. तो त्याने काढला आणि अंगणात जाऊन सुरू केला.

"पाह्य. डोळ्यानं पाह्य, मंग मी जातो."

मीटर त्याने स्वतःच्या छातीवरून फिरवला. टिक... टिक. रिकामटेकड्या पोराने खडे मारावेत तशी सुस्त टिकटिक. चपलांवरून फिरवला, पिशवीवरून फिरवला, मैत्रेयीच्या केसांवरून फिरवला. तीच टिकटिक. मैत्रेयीला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, ती हसली.

"एवढं तर अंगनातल्या मातीतबी असते," तो म्हणाला. "तुया अंगातबी असते. थांब, दाखवतो."

तो मैत्रेयीला कडेवर घेऊन ओसरी चढला.

"माया जवळ नको आनू," रुखमाबाई मागे सरकत म्हणाली.

हा शेवटचा अपमान समजून तो पुढे गेला. टिकटिक भरभर व्हायला लागली. मीटर बिघडला असेल, म्हणून त्याने तो मांडीवर आपटला. उंबरा ओलांडला. टिकटिक आणखी वाढली. त्याने हात मागे अंगणाकडे नेला, ती मंदावली. पुन्हा आईकडे केला. आता वेगवेगळे ठोके ऐकूच येईनात, गरम तेलात मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज निघत होता. इतक्या वर्षांत कुठल्याच किनाऱ्यावर त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

रुखमाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. मागे सरकायला आता जागा नव्हती.

"पोरीले बाहेर ने, बापू," ती म्हणाली. "नागपूरले गळ्याच्या क्यान्सरवर किरनाची गोळी देल्ली मले. तिचा असर जाईस्तोर लेकराले जवळ घेऊ नको म्हनते डॉक्टर."