नानांनी पुकारलं

"फुटलं, फुटलं, इंजिन फुटलं! पहिल्या नंबरची गाडी गेली!" बाजीनानांचा आवाज भोंग्यांतून मैदानभर घुमला. तीस वर्षं बैलगाडी शर्यती याच आवाजानं गाजवल्या होत्या, म्हणून तर आज मोटारींच्या शर्यतीतही संयोजकांनी माईक त्यांच्याच हाती दिला होता. सगळ्यांच्या पुढं असलेली लाल गाडी वळणाआधी हळू झाली, मागून फटाफट बार उडाले, जाळही दिसला आणि नाना बोलून मोकळे झाले.

गाडी चालवणाऱ्या पोरीच्या बापानं लगेच कडेनं पाटी दाखवून तिला ट्रॅकवरून आत, दुरुस्तीच्या जागी बोलावलं. बाकीच्या गाड्या बघता बघता पुढं निघून गेल्या.

धीर द्यायला नाना स्टेजवरून खाली उतरले. पोरीनं हेल्मेट काढलं होतं आणि ती बापावर ओरडत होती. "इंजिन ठणठणीत आहे, आबा! ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थोडं पेट्रोल न जळताच मागं जातं आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं, म्हणून बार उडतात. रेसच्या गाड्या वेग कमी करताना असंच करतात. तुम्हीच तर शिकवलंत मला! मग आत का बोलावलंत?"

नानांनी माईक पाठीमागं लपवला.

बाप खाली बघत म्हणाला, "मला बी तेच वाटलं होतं गं. पण वीस वर्षं माझी बैलं पळाली, नानांनी एकदाही चुकीचं पुकारलं नाही. म्हटलं, आज माझेच कान चुकले असतील."

मग नाना समोर उभे दिसताच तो पुढं झाला आणि नेहमीसारखा त्यांच्या पाया पडला.